पळीभर तेल

फार मागची गोष्ट. घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि गावात एक तेलीण होती. तेल चोख, जीभ त्याहून चोख. पण काळीज सशाचं!

त्या गावाची एक रीत होती. कुणावर आळ आला, की त्याला पारावर बसवायचं आणि पुढ्यात पणती लावायची. तेलिणीने तीत पळीभर तेल घालायचं. पणती जळते तोवर त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. तो बोलेल ते गावाने ऐकायचं आणि पडताळून बघायचं. आणखी कुणाला तेल घालावंसं वाटलं, तर आपल्या घरचं घालायची मुभा होती. पणती विझली, की पाटील निवाडा करायचा.

एका साली गावातली गुरं मरायला लागली. सकाळी चरायला गेलेली गाय दिवस मावळायच्या आत तोंडाला फेस येऊन आडवी! गावाची पाचावर धारण बसली. कुणीतरी म्हणालं, "गुराख्यानेच विष घातलं." झालं! भ्यालेल्या माणसांना खरं-खोटं नको असतं, दोष द्यायला कुणीतरी हवं असतं. त्यांनी गुराख्याला धरून पारावर आणलं.

तेलीण पळी घेऊन पुढे आली, तशी मागून कुजबुज उठली, "विष घालणाऱ्याला कशाला पळीभर? थेंबभर घाल." एकाने तर दमच दिला, "का गं, तुझा कोण लागतो तो?"

गुराख्याने तिच्याकडे बघून हात जोडले. तिने मान खाली घातली आणि थेंबभर तेल घातलं.

"पाटील, मी वरच्या झऱ्यावर..." गुराखी बोलायला लागला आणि पणती विझली.

"रीत पाळली!" लोक ओरडले आणि धोंडे मारत त्याला घाटापार हाकलून आले. त्याची बायको उंबऱ्यात ऊर बडवत बसली. तेलिणीने त्या घरावरून जाणंच सोडलं.

पण गुरं मरतच राहिली. आता? चूक झाली म्हणायला कुणाची जीभ रेटेना. मग एकाला आठवलं, "गुरं पेंड कुणाच्या घाण्याची खातात? तेलिणीच्या!"

हे कानावर आलं तशी तेलिणीने दाराला आतून कडी घातली. कडीने काय होतंय? ओढतच तिला पारावर आणलं. कालपर्यंत तिच्याकडून तेल नेणाऱ्या बायका हातात धोंडे घेऊन उभ्या होत्या.

"पळीभर तेल घाला हो," ती रडत म्हणाली. "मला सगळं सांगू द्या."

पाटील म्हणाला, "मागच्या वेळी तूच थेंबभर घातलंस. त्याला एक माप आणि तुला दुसरं, असं कसं?"

थेंबभर तेल पडलं. तेलिणीने तोंड उघडलं, तोच वात फडफडायला लागली.

तेवढ्यात गर्दीतून गुराख्याची बायको पुढे आली. तेलिणीने डोळेच मिटले. तिला वाटलं, पहिला धोंडा हिचाच. पण गुराख्याच्या बायकोच्या हातात तेलाची वाटी होती. ती तिने पणतीत ओतली.

"अगं, हिने तुझ्या नवऱ्याचा घात केला!" कुणीतरी ओरडलं.

"केलाच. मरेपर्यंत विसरायची नाही मी," ती म्हणाली. "पण त्याचं बोलणं अर्धं राहिलं. हिचं तरी पुरं होऊ दे. बोल गं सटवे, लवकर बोल!"

तेलीण बोलली, पण स्वतःचं नाही. "गुराखी वरच्या झऱ्याचं काहीतरी सांगत होता. मी ऐकलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. आधी तिथे बघून या. मग मला काय करायचं ते करा."

पणती जळत होती. रीत मोडता येईना, म्हणून माणसं नाइलाजाने वर गेली. वादळात कण्हेरीची अख्खी जाळी उन्मळून झऱ्यात पडली होती. विषारी पाला कुजून पाण्यात उतरला होता, आणि तेच पाणी खाली ओढ्याला येत होतं. गावातली गुरं रोज तेच पीत होती.

माणसांनी परत येऊन हे सांगितलं, तसे पारावरच्यांच्या हातातले धोंडे गळले. पाटलाने गुराख्याला शोधायला घाटापार माणसं धाडली. ती रिकामीच परत आली.

पुढे पारावर कुणीही बसो, अगदी नावाजलेला चोर का असेना, तेलीण पळीभर तेल घालायची. लोक डोळे वटारायचे, पण माप कमी व्हायचं नाही. आणि गुराख्याची बायको रोज घाटाच्या वाटेकडे बघत उभी असायची.

तात्पर्य: ज्याच्यावर आळ आला त्याचं म्हणणं पुरं ऐकावं; दुसऱ्याच्या पणतीतलं तेल कमी केलं, तर आपल्या पाळीलाही तेच माप येतं.