सगुणाचं विमान उठेना

आधी पांघरूण घ्या बघू दोघंही. शमे, पाय आत. मध्ये कुणी बोललं तर मी इथेच थांबेन, बरं का! आजच्या गोष्टीतल्या माणसांनी मला आधीच वैताग आणलाय.

तर एक राजा होता आणि त्याला आभाळाची भारी हौस होती. त्याने आभाळापलीकडे जाणारं विमान करवलं. दोन सरदार त्यातून जाऊन आले. तांब्याभर पाणी घेतलं आणि गेले. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मग पाळी आली सगुणाची. ही तांबटाची लेक. विमानाचे पत्रे हिनेच ठोकलेले. सात वर्षं खपून ते चालवायला शिकली. तोवर एकही बाई वर गेली नव्हती. राजा म्हणाला, "सूर्य मावळायच्या आत विमान उठलं तर ठीक. नाहीतर प्रधानाचा मेव्हणा जाईल आणि पुन्हा बायकांचं नाव काढायचं नाही." ऐकलंत? सरदारांना अशी अट घातली होती का? नाही!

सगुणा विमानात बसली. तेवढ्यात राणीसाहेब धावत आल्या. "लेक निघाली आणि ओटी नको भरायला?" मग नारळ, खण आणि पायलीभर तांदूळ! ओटीला नाही कसं म्हणायचं? विमान हललं, पण उठेना.

मग प्रधानीणबाई आल्या. पाटा-वरवंटा घेऊन. "तिकडे चटणी कशावर वाटशील गं?" आता काय बोलावं! आभाळात चटणी! विमान नुसतं कण्हलं.

मग खुद्द राजा आला. "बाईमाणूस एकटं कसं जाणार? सोबतीला प्रधानाच्या मेव्हण्याला ने." आणि तो गलेलठ्ठ मेव्हणा चढून बसलासुद्धा! विमानाचं बूड मातीत रुतलं. सूर्य डोंगराला टेकला. हसू नका रे, तिला रडू येत होतं.

मग मात्र सगुणा ताडकन उठली. "महाराज, विमानाने मला न्यायचंय की माझा संसार?" तिने मेव्हण्याला खाली उतरवलं, पाटा-वरवंटा त्याच्या पुढ्यात ठेवला. "मी येईपर्यंत तुम्ही वाटा चटणी." मग राणीला म्हणाली, "ओटीतले चार दाणे माहेरी ठेवून जायचं, ही आपली रीत. मी उलटं करते, चार दाणे नेते आणि बाकीची ओटी माहेरी ठेवते. रागावू नका." राणीने तांदूळ पदरात घेतले.

आणि सूर्य बुडायच्या आत उठलं की विमान! चंद्राला तीन फेऱ्या मारून तिसऱ्या दिवशी सगुणा परत आली.

राजाने विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. वर नाही, इथे खाली. वाटलं, ही माणसं मला जाऊच देणार नाहीत."

राजाची मान खाली गेली. त्याने ती सूर्य मावळायची अट पुढच्या बायकांसाठी तिथल्या तिथे मोडीत काढली. मग गावोगावच्या मुली सगुणाकडे शिकायला आल्या. म्हातारी होईपर्यंत ती शिकवत राहिली, मुली वर जात राहिल्या आणि सगळे सुखाने नांदले. अगदी तो मेव्हणासुद्धा.

काय गं शमे, अजून जागीच? तुला पण जायचंय? मग जा की. मी नाही आडवी येणार. पण आता डोळे मीट, बाई माझे.