डालग्याखालची तांबडी

धुक्यात अर्धं बुडालेलं एक गाव होतं. तिथं माणसं झोपेत असल्यासारखी हळू बोलत, कारण विसाजीराव खोतांना दुसऱ्याचा आवाज खपत नसे. काशीला जायची त्यांना फार हौस, पण "माझ्याशिवाय गाव चालेल कसं?" म्हणत ते दर वर्षी बेत पुढे ढकलत.

त्यांच्या अंगणात तांबड्या कोंबडीचं राज्य होतं. गरीब कबरीला तर ती टोचून टोचून दाण्यांजवळ फिरकू देत नसे.

खोत म्हणाले, "दुबळी आहे. कबरीला कापा."

"चार दिवस थांबा," त्यांची बायको द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तांबडीलाच दाणापाणी देऊन परसात डालग्याखाली कोंडलं.

चार दिवसांनी तांबडी सुटली, तेव्हा कबरी स्वप्नात असल्यासारखी निवांत दाणे टिपत होती. तांबडीनं मान उगारली, पण कुणी हललंच नाही. मग ती गुमान कडेला जाऊन उभी राहिली.

खोत चकित झाले. "हिला मारलंस की काय?"

"बोटसुद्धा लावलं नाही. ती नव्हती, तेवढ्यात बाकीच्यांची भीती मोडली."

"एवढा सोपा उपाय?"

धुक्यातल्या गावाकडे पाहत द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "तर काय. म्हणून म्हणते, यंदा तुम्ही काशीला जाऊनच या."