ज्योतीरामच्या ट्रॉलीचा मागचा दिवा

एका गावात एक भोळा ट्रॅक्टरवाला होता. भोळा हा गावाचा शब्द. त्याची बायको शेवंता दुसराच शब्द वापरायची, तो इथे लिहिण्यासारखा नाही. त्याचं नाव ज्योतीराम, पण त्याच्या ट्रॉलीला मागे एक दिवा लागेल तर शपथ.

एकदा दिवेलागणीला दोघं बाजारातून येत होते. मागे दिवा नाही, म्हणून एक बैलगाडी येऊन ट्रॉलीवर आदळली. हो, बैलगाडीच. ज्योतीराम फार जपून चालवायचा. शेवंता उडाली ती टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसली. तशीच उठली आणि माहेरी चालू लागली.

"मागचा लाल दिवा पेटलेला बघीन, तवाच नांदायला यीन," ती म्हणाली.

ज्योतीरामला घर खायला उठलं. स्वतःची भाकरी स्वतः थापली, ती कुत्र्यानेही हुंगून सोडली. तेव्हा त्याला खरंच रडू आलं. तो ट्रॉल्यांचं वायरिंग करणाऱ्या बाबालाल मिस्त्रीकडे गेला.

"मिस्त्री, नवा दिवा बसवला, तरी पेटंना."

मिस्त्री वाकून बघायला लागला. "अरं बाबा, अर्थिंगची वायर रंगावर चिकटवलीस. रंगातनं करंट जातुया व्हय? रंग खरवडायचा, चकचकीत पत्रा दिसला पायजे, मगच वायर जोडायची."

"बरं मिस्त्री. ध्यानात ठेवतो."

मिस्त्रीने वायर जोडून दिली. दिवा लालभडक पेटला. ज्योतीराम सासुरवाडीला निघाला. वाटेत चिखल उडून दिवा अंधुक झाला. दुसऱ्या कुणीही तो पुसला असता. ज्योतीरामला मिस्त्रीचं बोलणं आठवलं. त्याने विळा काढला आणि चिखलाबरोबर काचेवरचा लाल रंगही पार खरवडून काढला.

शेवंता दारात आली. "लाल कुठाय?"

"खरवडला."

दार बंद झालं.

"अरं बाबा," मिस्त्री म्हणाला, "दिव्यावर चिखल आला तर वल्या फडक्यानं पुसायचं. मऊ हातानं."

"बरं मिस्त्री. ध्यानात ठेवतो."

नवी लाल काच बसली. ज्योतीराम निघाला. वाटेत दिवा मिचमिचायला लागला. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या वायरी जिथे जुळतात, त्या प्लगच्या पिनांवर गंज होता. ज्योतीरामने ओढ्यातून बादली भरून आणली. फडकं भिजवलं. मऊ हाताने पिना पुसल्या. साबणही लावला, कारण माणूस मनाचा मोठा. फट् आवाज आला आणि फ्यूज गेला.

"लाल कुठाय?"

"धुतला."

दार बंद झालं.

"अरं बाबा! प्लगला पाणी दावायचं असतं व्हय? पॉलिश पेपरनं घासायचा, ग्रीस चोपडायचं, वर काळी टेप गच्च गुंडाळायची. थेंब आत जाता कामा न्हाई."

"बरं मिस्त्री."

या वेळी अर्ध्या वाटेत भुरभुर पाऊस आला. एक थेंब दिव्यावर पडला. ज्योतीराम घाईघाईने उतरला. दिव्याला ग्रीस चोपडलं आणि वर टेपचं अख्खं रीळ गुंडाळलं.

"लाल कुठाय?"

"आत हाय. हात लावून बघ, कसा गरम लागतोय."

दार बंद झालं. या वेळी आतून कडीही लागली.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. ज्योतीरामचे डोळे भरून आलेले बघून तो जरा निवळला. टेप काढली, दिवा पुसला, वायरी नीट बांधल्या.

"मागचं समदं इसर. एकच ध्यानात ठेव. उभ्या ट्रॉलीचा दिवा बघून उपेग न्हाई. धक्का बसला की वायर हलती आन् दिवा जातो. म्हणून चालत्या ट्रॉलीचा दिवा बघायचा, मागं हुबं ऱ्हाऊन."

"चालत्या ट्रॉलीचा. मागं हुबं ऱ्हाऊन. बरं मिस्त्री."

या वेळी दिवा लाल होता. उघडा होता. कोरडा होता. शेवंता ट्रॉलीभोवती तीन वेळा फिरली. खोट काढायला काही सापडेना. शेवटी गाठोडं घेऊन ट्रॉलीत बसली आणि चक्क हसली. ज्योतीरामला आभाळ ठेंगणं झालं.

गाव सुटलं. तिठ्याच्या अलीकडे खड्डे लागले. ज्योतीरामला मिस्त्रीचं वाक्य आठवलं. त्याने सगळ्यात हळू गिअर टाकला, खाली उडी मारली आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. ट्रॉली त्याच्या समोरून पुढे गेली. दिवा पेटलेला होता.

"पेटलाय गं!" तो ओरडला.

"आवं, ट्रॅक्टरवर कोन हाय?" शेवंता ओरडली.

"पेटलाय!"

ट्रॅक्टर रांगतच होता. शेवंता खाली उतरली, धावत पुढे गेली आणि ट्रॅक्टरवर चढली. तिच्या बापाचाही ट्रॅक्टर होता, तिला चालवता येत होता. तिने ब्रेक दाबला. मागे वळून बघितलं. नवरा रस्त्यात टाळ्या वाजवत नाचत होता. तिने ब्रेक सोडला.

दुसऱ्या दिवशी ज्योतीराम चालत चालत मिस्त्रीकडे पोचला. हातात पेढे होते.

"मिस्त्री, एक नंबर काम! लाल पेटला. ब्रेकचा पेटला. उजवा इंडिकेटरसुदीक पेटला!"

"तू मागं हुतास. मग इंडिकेटर दिला कुनी?"

"शेवंतानं."

"उजवीकडं काय हाय?"

"तिच्या मामाचं गाव."

मिस्त्रीच्या हातातली पक्कड गळून पडली. "आरं, बायकू चालली हुती न्हवं? तुला दिसलं न्हाई?"

"कसं दिसंल मिस्त्री? ती पुढं हुती. तुमी मागचं बघायला सांगितलं हुतं."