गिरजाचा पाटा

"पण तिच्यासाठी आकार कोणता, तात्या? एवढंच सांगा."

मधुसूदननं तिसऱ्यांदा विचारलं. लिंबाजीतात्या पाथरवट अंगणात बसून कुणाच्या तरी जात्याला टाकी लावत होते. घाव काही थांबले नाहीत.

याच अंगणात चाळीस वर्षांपूर्वी मधुसूदन दगड फोडायला शिकला होता. पुढं मोठा शिल्पकार झाला. त्याच्या दगडांना नाक नव्हतं, डोळे नव्हते; नुसती वळणं आणि पोकळ्या. त्याची शिल्पं दिल्लीत होती, जपानात होती. त्या कामाचं जाडजूड पुस्तक त्यानं आज मुद्दाम आणलं होतं. तात्यांनी चार पानं उलटली आणि ते बाजूला ठेवलं.

"चांगलं गुळगुळीत हाय," एवढंच म्हणाले.

त्याच्या बायकोला, शालिनीला जाऊन अकरा महिने झाले होते. वर्षश्राद्धाच्या आत तिच्या आठवणीचा एक दगड घडवायचा, असं मधुसूदननं ठरवलं होतं. पाच दगड घेतले. पाचही अर्ध्यावर टाकून दिले. हातच चालेना.

"तिनं कधी काय मागितलं हुतं का रं?"

"पाटा," मधुसूदन म्हणाला. "लग्न झालं त्या वर्षी. म्हणायची, नवरा दिवसभर दगड फोडतो आणि मी चटणी वाटायला शेजारणीकडे जाते. बायका हसतात मला."

"मग?"

"मी म्हणायचो, एवढं प्रदर्शन होऊ दे. मग करतो."

"किती दिसांचं काम?"

"एका दिवसाचं, तात्या."

"आन् प्रदर्शनं किती झाली?"

तात्या गुडघ्यावर हात देऊन उठले. परसात भिंतीला टेकवलेला एक जुना पाटा कुशीत धरून घेऊन आले आणि त्याच्यापुढं ठेवला.

"डोळं मीट. हात फिरव."

त्यानं हात फिरवला. कडेला दगड खरखरीत होता. मग तो खाली उतरू लागला, इतका हळू, की उतार कुठं सुरू झाला ते बोटांना कळलंच नाही. मध्यावर तळहात आपसूक टेकला. तिथून उचलवेना.

हे वळण त्यानं आयुष्यभर शोधलं होतं. एकदाही सापडलं नव्हतं.

"हे... हे तुम्ही कधी केलंत?"

"म्या सपाट दिला हुता. माझ्या बायकूनं, गिरजानं केलं हे, वाटून वाटून. छत्तीस वर्षं." तात्यांनी बोटाच्या टोकानं पाट्यावरची धूळ पुसली. "माझ्यावर राग आला, की खोबरं जरा जास्तीच बारीक व्हायचं."

मधुसूदनला हसू आलं.

"तुझ्या दगडांना लोक हात लावत्यात?"

"नाही. समोर फलक असतो, हात लावू नये म्हणून."

"मग ते झिजायचे कशानं?"

उन्हं ओसरीवर चढली. पाट्यावरचा हात मधुसूदननं अजून काढला नव्हता.

"म्हणजे पाटाच करू?" त्यानं विचारलं.

"कर."

"पण आता करून काय, तात्या? वाटणारी गेली. सपाटच राहील तो..."

तात्यांनी जातं पुन्हा पुढ्यात ओढलं. टाकी उचलली. घाव घालण्याआधी थांबले.

"तुझ्या घरात लसूण हाय का?"