वल्ह्याला लावलेला कान

“अजून किती दिवस हे लाकूड ऐकायचं, तांडेल?”

प्रणेशनं विचारलं आणि लाल झालेला कान चोळला. वल्ह्याचं एक टोक पाण्यात, दुसरं ह्याच्या कानाला. आम्ही बंदरावरची पोरं त्याला डॉक्टर म्हणायचो. दर्याला नळी लावतो, पण औषध काय देत नाही.

गोमाजी तांडेल बिडी ओढत बसला.

म्हाताऱ्याकडं एक विद्या होती. सोन्याच्या भावानं विकला जाणारा घोळ मासा पाण्याखाली घुमतो, ढब ढब. तांडेल वल्ह्यातनं ते ऐकायचा आणि हात वर करायचा, की जाळं पडायचं. बंदरात हे येणारा तो एकटाच उरलेला.

प्रणेशला ते शिकायची घाई होती, कारण बापानं होडीला गिऱ्हाईक बघून ठेवलेलं. पापलेट गेलं, रावस गेला. जाळ्यात येतात बोटभर पिल्लं, ती पण कोंबड्यांच्या खाद्याला जातात. बाप म्हणालेला, एक घोळ आणून दाखव, होडी ठेवतो. नाहीतर शहरात जा आणि कुणाच्या तरी गेटवर शिट्टी वाजव.

पण आमच्या डॉक्टरसाहेबांचा तोरा बघा. म्हणे, तांडेल, माझे कान तुमच्यापेक्षा तरुण आहेत.

“लाव मग.”

लावला. बराच वेळ काय नाय... मग गड्याचे डोळे चमकले.

“तांडेल, घोळ. ढब ढब करतेय. हात वर करू?”

तांडेलनं हनुवटीनं खाली दाखवलं. त्याच्या पायाचा अंगठा फळीवर आपटत होता. ढब ढब.

प्रणेशचं तोंड वाळल्या बोंबलासारखं झालं. आम्ही असतो तर हसून हसून पाण्यात पडलो असतो. म्हातारा हसला नाही.

त्यानं पाय पोटाशी घेतला. बिडी विझवली.

“आता लाव.”

ह्या वेळी प्रणेशनं डोळे मिटले. कान बदलला. वल्हं अजून खोल घातलं. होडीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसला. ऊन डोक्यावर आलं.

“तांडेल...”

“बोल.”

“खोटं नाही बोलत. काहीच नाही खाली. नुसतं रिकामं...” त्यानं परत कान चोळला. “माझे कानच खराब असतील. अजून शिकवा. वर्षभर बसतो हवं तर.”

तांडेलनं वल्हं त्याच्या हातातनं घेतलं. स्वतःच्या कानाला लावलं.

...

मग पाण्याबाहेर काढलं, पंच्यानं कोरडं पुसलं आणि होडीत आडवं ठेवलं.

“कान चांगले आहेत तुझे,” म्हणाला. “शिकलास.”