वगळलेला चॅनल

"मग आजपासून ही खुर्ची माझी ना, चाचा?"

ऋजुता विचारत नव्हती. सांगतच होती.

वेळशी बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीची ती खोली. आत एकामागून एक चॅनल चाळत पळणारा आणि कुणी आलं की तिथं थांबणारा एक स्कॅनर, एक बोलायचा सेट आणि ती खुर्ची. समुद्रावर गेलेल्या होड्या काय बोलतात ते ऐकायचं आणि ऐकलं म्हणून त्यांना कळवायचं, एवढंच तिथलं काम. काझीचाचांनी सारी उमर जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली, आणि निवृत्त झाल्यावर इथं बसू लागले. चाचांच्या जागी बसायचं म्हणजे गावात केवढा मान! ऋजुता खलाशाची लेक, शिकून इंजिनिअर झालेली, वर चाचांचीच शिष्या. तिला तो मान हवा होता. का नसावा?

पहाटेपासून ती एकटीच बसली होती. चाचा आत्ता, उन्हं चढल्यावर आले होते.

"काय काय केलंस ते तरी सांग."

"सगळं केलं! नवे डिजिटल सेट, जुने सेट, दीपगृह, बर्फाच्या फॅक्टरीचे ट्रक... एकेक चॅनल माझ्या हातानं भरलाय. कोण बोलतंय त्याचं नाव पडद्यावर येतं. पूर्वी हा डबा अडखळत चालायचा. आता बघा कसा पळतो."

खरंच पळत होता. पडद्यावर होडीचं नाव उमटे, कुणी बर्फ मागे, कुणी बाजारभाव विचारी, की स्कॅनर पुढं.

चाचा ऐकत राहिले. कौतुक काही लपत नव्हतं.

"माशाल्ला! इतकं सफाईदार काम माझ्या हाताखाली कुणी केलं नाही, बाय."

ऋजुताची छाती दोन इंच फुगली.

"अडखळायचा म्हणालीस. कुठं?"

"जुन्या सेटांच्या चॅनलवर. सारखा तिथं जाऊन थांबायचा, आणि कुणी बोलायचंच नाही! खरखरसुद्धा नाही. नुसता आपला थांबलेला. शेवटी मी तो चॅनलच वगळून टाकला."

"कधी?"

"सकाळीच. उजाडल्या उजाडल्या."

चाचा खिडकीशी गेले आणि बाहेर बोट दाखवलं.

खाडीच्या तोंडाशी काळा खडक आहे. त्याच्या अलीकडे एक लहान होडी उभी होती.

"ती होय? भिवादादांची," ऋजुता म्हणाली. "सकाळपासून तिथंच आहेत. गळ टाकून बसले असतील."

"भिवा पावसे आणि गळ?" चाचांचा आवाज चढला. "खडकापलीकडे जाळं टाकणारा माणूस तो! अलीकडे काय चिंबोऱ्या राखत बसलाय?"

चाचाच पुढं म्हणाले, "घशाचं ऑपरेशन झालं त्याचं. आवाज गेला. ठाऊक आहे ना तुला?"

"हो. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग रेडिओवर तो बोलणार कसा?"

ऋजुतानं वळून स्कॅनरकडे पाहिलं.

"बटण दाबतो," चाचा म्हणाले. "दाबतो आणि धरून ठेवतो. बोललं नाही तरी स्कॅनर तिथं थांबतो. मी निघालोय, इतकंच त्याचं सांगणं. किनाऱ्यावरून जबाब गेला की खडक ओलांडतो. नाही गेला, तर थांबतो."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!"

"वगळताना तू विचारलंस?"

"अहो, पण धोक्याचं लाल बटण असलेला नवा सेट दिलाय ना त्यांना सोसायटीनं?"

"दिला होता. दुसऱ्या दिवशी या टेबलावर आणून ठेवला त्यानं. जुनाच वापरतो. आवाज गेला, पण ऐट आहे तशीच आहे."

ऋजुताचे कान तापले. तिनं मुकाट्यानं तो चॅनल पुन्हा चालू केला.

स्कॅनर पळत आला... आणि थांबला.

पडद्यावर नाव नाही. आवाज नाही. खरखर नाही.

तिनं घाईघाईनं माइक उचलला. "भिवादादा, ऋजुता बोलतेय! बोला, बोला!"

आणि जीभ चावली.

होडी जागची हलली नाही.

"घ्या! रागावला," चाचा म्हणाले. "त्याला बोला म्हणतेस?"

"माफी मागू का?"

"त्याला भाषण नकोय."

ऋजुता माइक हातात धरून उभी राहिली. खिडकीतून ती होडी दिसत होती. त्या माणसाची अख्खी सकाळ आपण किनाऱ्याशी बांधून घातली, या विचारानं तिला रडूच यायला लागलं होतं.

मग तिनं बटण दाबलं. ओठ घट्ट मिटलेले. दाबून धरलं, तशीच राहिली... आणि सोडलं.

स्कॅनर पळाला, आणि पुन्हा त्याच चॅनलवर थांबला. समोरून जबाब आला. आधीपेक्षा लांब.

मी तिथं असतो, तर काहीच ऐकू आलं नाही म्हणून उठून गेलो असतो. ऋजुता कान देऊन ऐकत होती. मध्येच तिनं मान हलवली, एकदा किंचित हसलीदेखील.

खडकाजवळ काळा धूर उठला. होडी वळली, खडकाला वळसा घालून उघड्या समुद्रात शिरली, आणि सुसाट निघाली.

ऋजुतानं डोळे पुसले. मान मात्र ताठ होती.

"चाचा... काय म्हणाले हो ते?"

चाचा दारात चपला पायात सरकवत होते.

"मला काय विचारतेस? तुला म्हणाला तो."