बोटांनी झिजलेली अकरा नावं

मी सांगते ते कुणी खरं धरत नाही. शिकलेले पाहुणे येतात, चर्चमधली ही शिळा बघतात आणि मलाच समजावतात, "बाई, नावं पावसाने झिजलीत." अहो, शिळा आतल्या भिंतीत आहे. वर कौलं आहेत. पाऊस येतो कुठून?

बोटांनी झिजलीत ती. एका बाईच्या बोटांनी.

पहिल्या मोठ्या लढाईत आमच्या चर्चच्या मंडळीतले बारा जण बसऱ्याला गेले, खेचरांवरून पाणी आणि दारूगोळा वाहायला. त्यांत सगुणाबाई उजागरेंचा नवरा रखमाजी होता, आणि मंडळीच्या शाळेतल्या मास्तरांचा मुलगा दाऊद. दोघेही परतले नाहीत. पुढे सगुणाबाईंच्या नावाने पलटणीतून मराठी पत्र आलं. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, महिन्यातून एकदा यायचे, म्हणून मास्तरांनीच ते चर्चमध्ये वाचलं. रखमाजी खेचरं टाकून पळाला, दाऊद त्याच्या जागी जखमींना पाणी घेऊन गेला आणि गोळी लागून मेला. वाचताना मास्तर ढसाढसा रडले, असं सांगतात. मग पत्राची घडी करून सगुणाबाईंच्याच हातात दिली. अडाणी बाई, तिला काय कळणार?

"माझा माणूस बैलाला पाणी दाखवल्याशिवाय स्वतः पीत नव्हता," ती म्हणाली. "तो पळेल?" कुणी ऐकलं नाही. गेलेल्यांच्या नावांची शिळा बसली ती रखमाजीला वगळून अकरा नावांची, दाऊद सगळ्यांत वर.

नावं दरवर्षी ओळीने वाचत, ती तिला पाठ झाली. मग दर रविवारी उपासना सुटली की ती शिळेशी उभी राहायची. एकेक नाव तोंडाने म्हणायची आणि अक्षरावरून बोट फिरवायची. बाया हसायच्या.

"काय गं सगुणे, नवरा सापडला का दगडात?"

"सापडेल. तुझा तर घरातसुद्धा सापडत नाही."

शिळेत नव्हती ती अक्षरं तिने गीतांच्या पुस्तकातून जुळवली. गीतं तोंडपाठ होतीच. सात वर्षं लागली म्हणे. मग तिने पेटीतलं पत्र काढलं आणि भर उपासनेत, अडखळत, वाचलं. पळाला होता दाऊद. पाणी घेऊन गेला होता रखमाजी.

"हिला वाचता येतं होय?" लोक ओरडले. तिने पत्र पाळकांपुढे धरलं. पाळकांनी वाचलं, तेच निघालं. मास्तरांनी मान वर केली नाही.

रखमाजीचं नाव कोरलं गेलं. ते खालचं बारावं, अजून धारदार आहे बघा. लोक दाऊदचं नाव फोडायला छिन्नी घेऊन आले, तेव्हा सगुणाबाईच आडवी आली.

"एकोणीस वर्षांचं पोर, भ्यालं. त्यालाही आपणच धाडलं होतं. मास्तरांवर कुठे गोळ्या सुटल्या होत्या? त्यांनी इथे, चांगल्या उजेडात उभं राहून खोटं वाचलं. त्यांचं नाव घ्या."

आजही आमच्या चर्चमध्ये कुठलाही कागद एकट्याने वाचत नाहीत. एक वाचतो, मग दुसरा तोच पुन्हा वाचतो, आणि दोघांत एक बाई असावीच लागते. स्मरणाच्या रविवारी बारा नावं अशीच दोनदा वाचतात. सगळे उभे असतात. शेवटी वाचणारी बाई विचारते, "पत्र खोटं कोणी वाचलं?" आणि सगळी मंडळी एका आवाजात म्हणते, शांतवन मास्तर मकासरे.